सत्काराचा नारळ

मला सत्कार समारंभ आवडत नाहीत. बेळगावात राहून असं म्हणणं जरा अवघड आहे, कारण इथं रविवार उजाडला की कुठल्या ना कुठल्या सभागृहात कुणाच्या तरी खांद्यावर शाल पडतच असते. त्यातून आमचा सीमाभाग. एकच भाषण दोनदा ऐकायचं, आधी कन्नडमधून, मग मराठीतून, आणि दोन्ही वेळा वक्ता सुरुवातीलाच सांगणार की मी आपला फार वेळ घेणार नाही. अशा ठिकाणी मी दाराजवळची खुर्ची पकडते आणि पहिल्या संधीला सटकते. तरीही एका सत्काराचा मी जिवाला घोर लावून घेतला. तो आप्पांचा सत्कार.

आप्पा म्हणजे आमच्या विद्यापीठाचे कुलपती. खानापूरकडच्या शेतकरी घरातला हा माणूस मास्तरकी करायला बेळगावच्या अनगोळात आला, भाड्याच्या खोल्यांत खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं, आणि त्यातून वाढत वाढत शाळा, कॉलेज आणि शेवटी विद्यापीठ उभं राहिलं. ते कुलपती होऊन इतकी वर्षं झालीत की या जागेवर दुसरं कुणी बसू शकतं हे आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. पण लोक त्यांच्याकडे जायचे ते कुलपती म्हणून नव्हे. बांधावरून भाऊबंदकी पेटली, ठरलेलं लग्न मोडायला आलं, सुनेनं पुढं शिकायचं म्हटलं आणि सासरा अडून बसला, की माणसं टिळकवाडीतल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात येऊन बसायची. चहा व्हायचा, आवाज चढायचे, आणि आप्पा दोन्ही बाजूंना रागावून घरी पाठवायचे. बरेचदा भांडण तिथंच मिटायचं.

कार्यक्रमांना तर ते रोजच अध्यक्ष. अध्यक्ष म्हटला की त्यालाही शाल आणि नारळ आलाच. शाली वसतिगृहातल्या पोरापोरींच्या अंगावर जायच्या आणि नारळ थेट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. मी तिथं राहून शिकले. सकाळी ताटात ओल्या खोबऱ्याची चटणी दिसली की आम्ही मुली ओळखायचो, काल आप्पांचा कार्यक्रम झाला. आमटीतही खोबरं लागलं तर दोन कार्यक्रम झाले. पण हा झाला अध्यक्षाला शिष्टाचार म्हणून मिळणारा नारळ. खास त्यांचा म्हणून सत्कार करायचं कुणी काढलं की आप्पा हसून विषय बदलायचे. ते त्यांनी आयुष्यभर टाळलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते निपाणीत. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात कसलासा कार्यक्रम होता आणि आई कामावरून तशीच आली होती, केसांवर तंबाखूची धूळ, लुगड्याला तो ठसका लागणारा वास. मी तिच्या शेजारी संकोचून उभी होते, कारण मोठी माणसं आली की आईपासून जरा लांब उभी राहतात हे मला त्या वयातही कळलं होतं. आप्पा गाडीतून उतरले, सरळ बायकांच्या रांगेकडं आले, दोन्ही हात छातीशी जोडले, मान वाकवली आणि आईला म्हणाले, "जयभीम, बाई. पोरगी कितवीत हाय?" आईनं सांगितलं. ते म्हणाले, "धाडा मग बेळगावला. आमचं वसतिगृह हाय तिथं." घरी आल्यावर आईनं दारातच लुगडं झटकलं. मग म्हणाली, "त्येंनी हात जोडलं गं मला." शिक्षणाचं काय ते पुढं ठरलं, पण तिच्या मनात ठरलं ते तेव्हाच.

पुढं मी पाहत आले, त्यांचा नमस्कार असाच असायचा. समोरचा शेतकरी असला की राम राम, मुसलमान असला की सलाम, कन्नड बोलणारं लिंगायत घर असलं की शरणु शरणार्थी, आमच्या वस्तीत जयभीम. शब्द ज्याचा त्याचा, पण हात मात्र दोन्ही, जोडलेले, छातीपाशी. शिपायालाही तसेच आणि मंत्र्यालाही तसेच. मंत्र्यांना कधीकधी ते कमी वाटायचं, हा भाग वेगळा.

मी फिजिओथेरपी शिकले. आता बेळगावजवळच्या पिरनवाडीत माझं छोटं क्लिनिक आहे. कंबर धरलेले गवंडी आणि गुडघे गेलेल्या बायका येतात, मी त्यांना ओरडते, ते मला ओरडतात, आणि बहुतेक जण चालत परत जातात. माझ्या जिभेला हाड नाही अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. बहुधा म्हणूनच आक्कांनी मला फोन केला. आक्का म्हणजे आप्पांची बायको.

आप्पांच्या अंगावरून वारं गेलं होतं. हे सगळ्या बेळगावाला माहीत होतं. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय काठीच्या आधारानं चालत होता, पण उजवा हात परतला नव्हता. खांदा थोडा उचलला जायचा, बोटं मात्र आत वळून बसली होती. आक्का फोनवर म्हणाल्या, "दवाखान्यातनं व्यायाम शिकवाय येत्यात त्येंना हे दारातनंच परत लावत्यात. कुणाला भेटत न्हाईत. तू येऊन बघ गं, तुझ्यावर ओरडाय तरी लागतील."

मी गेले. व्हरांडा रिकामा होता. इतकी वर्षं त्या घरी जात होते, पण तो व्हरांडा रिकामा कधी पाहिला नव्हता. आप्पा आतल्या खोलीत पडदा ओढून बसले होते, समोर टीव्ही चालू आणि आवाज बंद. उजवा हात पंचाखाली झाकलेला. मी आत गेल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. हात जोडले नाहीत.

त्याच आठवड्यात कुलसचिव चार माणसं घेऊन आले. त्यांचं म्हणणं, आता सत्कार व्हायलाच हवा, सगळ्या समाजाची इच्छा आहे, मोठं सभागृह घेऊ, दोन्ही राज्यांतून माणसं येतील. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे शेवटी मला नारळ द्यायचं ठरलं म्हणा की." कुलसचिव पुरते ओशाळले. तसं नव्हे आप्पा, तसं नव्हे, एवढंच म्हणत राहिले. आप्पा हसले, त्यांना चहा पाजला आणि नको म्हणून परत पाठवलं. जुना माणूस क्षणभर दिसला आणि दार लागल्यावर पुन्हा पंचाखाली गेला.

मी विचारलं, "का नको म्हणालात?"

"तुला काय करायचंय?"

"मला तुमचा हात बरा करायचाय. तुम्ही तो झाकूनच ठेवणार असाल तर मी कशाला बस बदलून पिरनवाडीहून येऊ?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग डावा हात उचलून छातीपाशी धरला. "हे काय झालं?"

"नमस्कार."

"न्हवं. ह्यो आशीर्वाद झाला. एका हातानं बुवा आशीर्वाद देत्यात, न्हायतर मोटारीत बसलेला पुढारी हात हलवतोय. मी आजवर कुणाला असा हात दावला न्हाय. आता म्हातारपणी दावू?" हात खाली घेत ते म्हणाले, "आणि सत्कारात काय असतंय सांग. शाल दुसरा घालतोय. नारळ आपल्याला घ्याय लागतोय, दोन हातांनी. त्यो पडला म्हंजे?"

"पडला तर उचलू."

"तुझ्या हातनं पडला तर लोक उचलतील. माझ्या हातनं पडला तर सगळं सभागृह डोळ्याला पदर लावंल. मला त्ये बघायचं न्हाय."

मला राग आला. खरं सांगायचं तर रडू येत होतं, पण मला रडू आलं की आधी राग येतो. माझ्या कामात मी हे नेहमी पाहते. हातानं किंवा पायानं माणूस खचत नाही. तो ज्या खोलीत बसून राहतो ती खोली त्याला खचवते. आज पाहुण्यांना भेटायचं नाही, उद्या दारात जायचं नाही, मग अंथरुणातून कशाला उठायचं. आप्पा त्या वाटेला लागले होते, आणि हे त्यांनाही कळत होतं.

मी म्हटलं, "नारळ धरता आला तर याल?"

"धरता आला तर बघू."

"बघू न्हाय. याल?"

त्यांनी पंचाची कड सारखी केली. "येतो. पण पडला तर त्या दिवसापासनं माझं भाईर जाणं बंद. मग तूबी यायचं न्हाय आणि आक्कानं कुणाला बोलवायचं न्हाय. कबूल?"

मी कबूल म्हटलं. घरी जाताना रस्त्यात माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसलेय. मग आईला फोन केला आणि तिच्याशी उगाच दुसऱ्याच विषयावर भांडले.

सुरुवात मी नेहमीसारखी मऊ चेंडूनं केली. आप्पांनी तो चेंडू दुसऱ्या दिवशी आक्कांच्या मांजराला देऊन टाकला. "मी काय लहान पोर हाय व्हय?" मग मी आक्कांकडून नारळ मागून घेतला, चांगला शेंडीचा, सत्काराला देतात तसाच. खाली वाकळ अंथरली, कारण पहिलाच नारळ फरशीवर पडून फरशीचा टवका उडाला होता.

रीत अशी बसवली. कोपर टेबलावर टेकायचं. डावा तळहात नारळाखाली. उजवा हात खांद्यातून पुढं रेटायचा आणि वळलेली बोटं नारळाच्या शेंडीत घालायची. अशा हाताचा एक स्वभाव असतो. त्याला उघडायला सांगा, तो उघडत नाही. पण बोटांत काही सापडलं की तो आपसूक आवळतो. आप्पांची मूठ शेंडीवर आवळली की नारळ पक्का बसायचा. पहिल्यांदा तो तसा बसला तेव्हा आप्पा हाताकडं असे बघत राहिले की जणू कुणी जुना ओळखीचा परत भेटलाय. मग म्हणाले, "आता सोडू कसा?"

ते अवघड होतं. मनगट खाली वाकवायचं, अंगठा बाजूला धरून थांबायचं, मग एकेक बोट, घाई न करता. मीच ते करायचे. त्यांचं त्यांना सोडता यायला अजून बरेच महिने लागणार होते, आणि कार्यक्रमाची तारीख कुलसचिवांनी लगेच धरली होती, आप्पांचा विचार बदलायच्या आत. म्हणून आम्ही आधी धरायचंच शिकलो.

नारळ पडत राहिले. पडून फुटलेल्याची चटणी व्हायची. आप्पा चिडायचे, नारळाला शिव्या द्यायचे, मला द्यायचे. मी म्हणायचे, "पाढा चुकला की पोरांना परत म्हणाय लावत होता न्हवं? मग आता परत धरा." "लई भांडतीस तू," असं म्हणून ते परत धरायचे. आक्का स्वयंपाकघरातून हे ऐकायच्या आणि हसायच्या. एकदा मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "घरात भांडणाचा आवाज आला की बरं वाटतंय गं." मी त्यांचा हात धरला.

हळूहळू नारळ पडायचा थांबला. बसून जमलं, मग उभं राहून जमलं. मग नारळ धरून छातीपर्यंत न्यायलाही जमलं, थोडा तिरका, पण न्यायला.

कार्यक्रमाचा बेत मी कुलसचिवांना पाठ करायला लावला. फेटा नको, आप्पा आपली पांढरी टोपी काढत नाहीत. शाल उजव्या खांद्यावरून सैल सोडायची. नारळ दिल्यावर आप्पा लगेच खाली बसतील, मी त्यांच्या खुर्चीमागं असेन आणि शालीखाली हात घालून त्यांची मूठ सोडवेन. त्यानंतर एकच भाषण आणि मागच्या दारानं घरी. सन्मानचिन्ह घरी पोहोचवायचं. कुलसचिव सगळ्याला हो म्हणाले. मी म्हटलं, आणि वैयक्तिक सत्कार नकोत. त्यावर त्यांनी जरा अडखळून हो म्हटलं, कारण आपल्याकडं मुख्य सत्कार झाला की लोक आपापला हार घेऊन व्यासपीठावर चढतात आणि मग ते कुणाच्या बापाला आवरत नाही.

आईला मी येऊ नकोस म्हटलं होतं. प्रवास, गर्दी, तिची धाप. ती म्हणाली, "मी येणार. पुढं बसणार न्हाय, पर येणार." निपाणीहून आमच्या वस्तीतली माणसं टेम्पो करून आली होती, त्यातून ती आली.

सभागृह भरून बाहेर माणसं उभी होती. मोटारींतून आलेले, एसटीनं आलेले, खानापूरच्या खेड्यांतून भात कापणीची कामं टाकून आलेले. आप्पा बाजूच्या खोलीत होते आणि आत येणारा तो गलका ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "एवढी माणसं बलवाय नको हुती," ते म्हणाले. मी म्हटलं, "कुणी बलवलं न्हाय, आपणहून आलीत." ते खरंच होतं. काठी टेकत ते व्यासपीठावर गेले तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं आणि सगळ्यांनी हात जोडले. आप्पांनी फक्त मान वाकवली. डावा हात काठीवर होता, उजवा शालीखाली जायची वाट बघत होता. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी होते.

भाषणं झाली, कन्नडमधून आणि मराठीतून. मग शाल. मग बेंगळुरूहून आलेल्या पाहुण्यांनी नारळ उचलला. आप्पा उभे राहिले, काठी मी घेतली. त्यांचा डावा तळहात पुढं आला. उजवा हात शालीतून बाहेर आला, थांबला, पुन्हा पुढं सरकला. पाहुण्यांनी नारळ ठेवला तो शेंडी भलत्याच बाजूला. मी जीव मुठीत धरला. आप्पांनी डाव्या हातानं नारळ हळूच फिरवला, जसा आम्ही टेबलावर फिरवत होतो तसा, आणि बोटं शेंडीत गेली. मूठ आवळली. नारळ छातीपाशी गेला. टाळ्या पडल्या आणि मी श्वास सोडला.

आता बसायचं होतं. पण सूत्रसंचालकानं माइकवर दोन्ही भाषांत जाहीर केलं की आप्पांची तब्येत पाहता कुणीही कृपया व्यासपीठावर येऊ नये. हे ऐकून निम्मं सभागृह उठलं. ज्यांच्या मनात नव्हतं त्यांच्याही मनात आलं. क्षणात पायऱ्यांवर रांग लागली. कुलसचिव हात पसरून आडवे झाले आणि बाजूला ढकलले गेले.

मी पुढं वाकून कानात म्हटलं, "बसा आप्पा, मी सोडवते." पण तोवर रांगेतला पहिला माणूस समोर येऊन उभा होता, आप्पांच्याच गावाकडचा एक म्हातारा शेतकरी, धोतर, हातात झेंडूचा हार. त्याच्यासमोर आप्पांना बसवून मी त्यांची बोटं एकेक करून उघडायची, सगळ्या सभागृहादेखत, हे मला करवेना. आणि नारळ त्यांना एकट्याला ठेवता येणार नव्हता. मी जागच्या जागी थिजले.

म्हाताऱ्यानं हार गळ्यात घातला, मागं सरून हात जोडले. "राम राम, आप्पा."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग नारळासकट दोन्ही हात उचलले, छातीपाशी धरले, मान वाकवली. "राम राम, पावणं."

डावा तळहात खाली, उजवी मूठ वर, मध्ये नारळ. तळहात जुळले नव्हते. पण हात दोन होते, आणि दोन्ही छातीपाशी होते. हे आम्ही कधी शिकलो नव्हतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या खेपेला आधी राग आला नाही.

पुढचा आला. "सलाम, आप्पा." तसाच नमस्कार. एका बाईनं कन्नडमधून शरणु शरणार्थी म्हटलं, तिलाही तसाच. मी बसा म्हणायचं सोडून दिलं. त्यांच्या कोपराखाली माझा हात मात्र ठेवला, कारण खांदा थकायला लागला होता. पहिल्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालेलं मला ऐकू आलं, "आप्पांनी नारळ अजून खाली ठेवला न्हाय बघा. लोकांनी दिलेल्याचा किती मान राखत्यात." शेजाऱ्यानं गंभीरपणे मान डोलावली. मी हसू दाबायला तोंड फिरवलं तर आप्पांनाही ते ऐकू गेलेलं होतं आणि त्यांच्या मिशा हलत होत्या.

रांगेत आई होती. पुढं बसणार नाही म्हणाली होती, पण रांगेला लागली होती. तिच्या हातात हार वगैरे काही नव्हतं. ती समोर आली, दम लागला होता, हात जोडले. "जयभीम, आप्पा."

"जयभीम, बाई." नारळ छातीशी गेला, मान वाकली. "लेक लई भांडती तुमची."

"तुमीच शिकिवलंय तिला," आई म्हणाली.

आप्पा मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी मी ते हसणं ऐकलं. आक्का व्यासपीठाच्या कडेला उभ्या होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. आप्पांनी ते पाहिलं आणि तरी हसणं थांबवलं नाही.

रांग संपायला वेळ लागला. शेवटी कुलसचिवांनी कसंबसं सगळ्यांना खाली पंगतीकडं पाठवलं आणि आम्ही आप्पांना बाजूच्या खोलीत आणलं. खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा घामानं भिजला होता, गळ्यात हारांचा ढीग. मी एकेक हार काढून ठेवला. मग खाली जमिनीवर बसले, नारळ माझ्या मांडीवर टेकवून घेतला आणि त्यांचं मनगट हळूहळू वाकवायला सुरुवात केली. हात दगडासारखा घट्ट झाला होता. अंगठ्याखाली बोट घालून थांबले. ते दमले होते, मीही दमले होते. मागच्या दाराशी गाडी तयार होती. ठरलं होतं तसं आता घरी जायचं होतं.

अंगठा सैल झाला. मी तो शेंडीतून बाहेर काढला.

"थांब गं," आप्पा म्हणाले.

"दुखलं?"

"न्हाय. खाली पंगतीत कोण बसलंय?"

"सगळेच. निपाणीचा टेम्पो, वसतिगृहातली पोरं. वर यायला न जमलेली म्हातारी माणसं पण तिथंच हायत."

"म्हंजे त्येंची भेट न्हाय झाली."

"न्हाय."

"मग असू दे नारळ," आप्पा म्हणाले आणि काठीची वाट न बघता उठायला लागले.

मी त्यांचा अंगठा परत शेंडीवर ठेवला आणि खाली जायचं दार उघडलं.